आधी हेडफोनचं ठरू दे

हॅमर शॉपचे किस्से साठत जातात, याला साधं कारण आहे. तिथला माणूस हळू बोलायचं विसरून जातो. सातपूरच्या आमच्या कारखान्यात तापलेल्या लोखंडावर हॅमर पडायचा, तेव्हा पायाखालची जमीन हलायची. शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. घरी आल्यावरही आम्ही तसेच बोलायचो. त्यामुळे आमच्यात जे काही घडायचं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला ठाऊक असायचं. सगळेच किस्से सांगत बसलो तर तुम्ही उठून जाल. म्हणून फक्त गौतमच्या हेडफोनचे सांगतो.

आम्ही चौघं. गौतम हॅमरवर, बागलाणातून आलेला निंबा भट्टीवर, अन्वर वरच्या क्रेनवर आणि मी, भास्कर, शॉपचा वायरमन. ऐंशी सालानंतरचे दिवस. गौतम आमच्यातला गाणारा. कॉलनीतल्या विहारात कार्यक्रम असला की पहिलं गाणं त्याचंच. हॅमरवर दिवसभर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी इतका गोड कसा गातो, याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. आम्हाला नवल नव्हतं, अभिमान होता.

*

गौतम नवी गाणी टेपवर ऐकून बसवायचा. हळूहळू त्याच्या टेपचा आवाज एवढा वाढला की शेजारचे मास्तर एक दिवस हात जोडून दारात उभे राहिले. म्हणाले, "तुमची गाणी आमच्या मुलांना पाठ झाली. आता त्यांचे धडे तेवढे पाठ होऊ द्या."

गौतमला लाज वाटली. पुढच्या खेपेला अन्वर मुंबईला गेला, तेव्हा त्याने फुटपाथवरून एक स्वस्तातला हेडफोन आणून दिला. रविवारी आम्ही सगळे गौतमच्या घरी जमलो. गौतमने हेडफोन कानाला लावला, टेप सुरू केला आणि आवाजाचं बटण फिरवत राहिला. मग म्हणाला, आवाज फार लांबून येतोय.

लगेच कमिटी बसली. निंबाने हेडफोन हातात घेऊन उलटासुलटा केला. "हाऊ डबा शे, फेकी दे," म्हणाला. अन्वरला आपली खरेदी वाया जाऊ द्यायची नव्हती, त्याने सेल बदलून बघायला सांगितलं. मी वायरमन, तेव्हा शास्त्र माझ्याकडे. मी म्हटलं, स्वस्तातल्या हेडफोनला टेपची ताकद पुरत नाही, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर सुधारेल.

शांतावहिनी दारातून सगळं ऐकत होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या ना."

"आधी हेडफोनचं ठरू दे," गौतम म्हणाला.

ते ठरायला पुढची काही वर्षं गेली.

*

अ‍ॅम्प्लिफायर मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. द्वारका चौकातल्या एका दुकानातून सामान आणलं, जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर घातला. चाचणी अगदी रीतसर झाली. आधी निंबाने ऐकलं आणि बटण थोडं वाढवलं. मग अन्वरने अजून थोडं वाढवलं. माझी पाळी आली तेव्हा मीही वाढवलं. शेवटी गौतमने हेडफोन लावून बटण पार टोकाला नेलं, मान डोलावली आणि म्हणाला, आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय.

एकमताने ठरलं, स्वस्तातल्या हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायर हवाच.

शांतावहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही त्यांनाही आग्रह केला. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि लगेच असा काही झटकून टाकला की कप लवंडला. दोन्ही कानांवर हात दाबून त्या भिंतीला टेकून बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे सोसतं?"

त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. आम्ही चहा प्यायलो. घरी परतताना निंबा म्हणाला, बायकांचे कान नाजूक असतात. आम्हाला ते पटलं.

*

पुढे गौतमने तक्रार आणली की अ‍ॅम्प्लिफायरमधून सारखा सूं असा आवाज येतो. कसला, विचारलं तर म्हणाला, इगतपुरीला पत्र्याखाली उभं राहिल्यावर पाऊस ऐकू येतो ना, तसा. माझी सासुरवाडी इगतपुरीची, मला तो आवाज चांगला माहीत. मी ट्रान्सफॉर्मर लांब बसवला. अर्थिंग दिलं. वायरी बदलल्या. गौतमचं आपलं एकच, पाऊस थांबत नाही.

शेवटी वैतागून मी प्लगच काढून टाकला. हेडफोनची पिनही ओढली. तार नुसती लोंबकळत होती.

"आता?"

"आहे अजून," गौतम म्हणाला.

मी म्हटलं, कंडेन्सरमध्ये करंट थोडा वेळ राहतो. त्याने मान हलवली. हेडफोन तसाच कानाला ठेवून तो खिडकीबाहेर बघत बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "किती वेळ राहतो रे?"

मी डबा आवरायला घेतला.

*

आम्ही अगदीच हटवादी नव्हतो. दुसऱ्याचंही मत घ्यावं म्हणून हेडफोन आणि डबा घेऊन मी आणि गौतम द्वारकेच्या त्या दुकानदाराकडे गेलो. त्याने नुसता हेडफोन टेपला लावून ऐकलं, मग अ‍ॅम्प्लिफायर लावून ऐकलं. म्हणाला, हेडफोन ठीक आहे, नुसत्या टेपवरही आवाज भरपूर आहे, डब्याची काही गरज नाही. मग विचारलं, कामाला कुठे? गौतमने सांगितलं. दुकानदाराने डब्याचं बटण हळूच मागे फिरवलं, डबा कागदात गुंडाळला आणि गौतमच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर गौतम म्हणाला, "त्याचं दुकान किती शांत आहे बघितलंस? त्याला काय कळणार?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

*

कारखान्याने मधल्या काळात कानात घालायला बोळे दिले. ते घातले तर क्रेनची घंटा ऐकू येईना. डोक्यावरून लालभडक लोखंड जाणार आणि खालच्याला पत्ता नाही! आम्ही सगळ्यांनी बोळे काढून टाकले. मग काही दिवसांनी असं झालं की बोळे नसतानाही घंटा ऐकू येईना.

अन्वरने यावर तोड काढली. तो जुने हातमोजे केबिनमध्ये साठवून ठेवायचा. घंटा वाजवूनही खालचा माणूस हलला नाही की वरून हातमोजा फेकून मारायचा. गौतमच्या पाठीत रोज एक तरी बसायचा. निंबाला भट्टीजवळ गाठणं अवघड, म्हणून त्याच्यासाठी दोन.

एकदा एक माझ्याही पाठीत बसला. सुटीनंतर मी अन्वरला शिव्या घातल्या. म्हटलं, मला कशाला मारतोस, मला ऐकू येतं. अन्वर काहीतरी बोलला आणि निघून गेला. काय बोलला ते गडबडीत राहून गेलं.

*

हा किस्सा मला सांगावासा वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही. बुद्धपौर्णिमेला विहारापुढे कार्यक्रम होता. पहिलं गाणं गौतमचं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला सूर सरकला. पेटीवरचा वामन हुशार, त्याने पेटी गौतमच्या सुरावर नेली. गौतम अजून सरकला. वामन पुन्हा त्याच्या मागे गेला. मग कधीतरी वामनने पेटीवरचा हात उचलला. गौतम डोळे मिटून गात राहिला. पेटी थांबलेली त्याला कळलीच नाही. पुढे बसलेल्या बायका माना खाली घालून बसल्या. शांतावहिनी उठून घरी गेल्या.

खाली उतरल्यावर गौतम म्हणाला, मंडपवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर भिकार होता. आम्ही तिघं एकदम म्हणालो, अगदीच भिकार!

पुढच्या कार्यक्रमाला गायनपार्टीने गौतमला खुर्च्यांची व्यवस्था बघायला सांगितली. त्याने ती चोख केली. त्या रात्री त्याच्या घरचा टेप वाजला नाही, आणि नंतरही फारसा नाही.

*

आणि आता तो कानाच्या तपासणीचा. कारखान्याने बाहेरून डॉक्टर आणले. त्यांच्याबरोबर एक यंत्र आणि त्याला जोडलेला परदेशी हेडफोन. काचेच्या खोलीत एकेकाने बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर बाकावर आम्ही ओळीने बसलेलो. जो नापास होईल तो हॅमरवरून जाणार, अशी बोलवा होती. गौतमला त्याचं काही वाटत नव्हतं. तो सकाळपासून खुशीत होता. म्हणाला, भारी हेडफोन एकदाचा कानाला लागणार, आज काय ते ठरून जाईल.

त्याचं नाव आलं. काचेतून आम्हाला सगळं दिसत होतं. गौतम ताठ बसला, अंगठा बटणावर ठेवला आणि गाण्याआधी मिटायचा तसे डोळे मिटले. डॉक्टरांनी यंत्राची चकती फिरवली. गौतमचा अंगठा हलला नाही. त्यांनी अजून फिरवली. मग अजून. शेवटी चकती टोकाला गेली असावी, कारण डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि नुसते गौतमकडे बघत राहिले. गौतम तसाच बसून होता, अगदी लक्ष देऊन.

त्यांनी खांद्याला हात लावल्यावर त्याने डोळे उघडले. हेडफोन काढून जपून टेबलावर ठेवला. दारापर्यंत आला, मग डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून मागे वळला आणि हॅमर शॉपच्या आवाजात म्हणाला,

"साहेब, हेडफोन भारी आहे. पण ह्यालाही अ‍ॅम्प्लिफायर लागणार."

बाकावरचे आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो.

हसू ओसरल्यावर पुढचं नाव कुणाचं पुकारतात, त्याची वाट बघत मी बसलो. बराच वेळ झाला तरी कुणी पुकारेना. मग नावं पुकारणारा कंपाउंडर खोलीतून बाहेर आला, सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या खांद्याला हात लावला.