दहा यार्ड, चार चान्स

वॉल्टरकाकांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तर म्हणाले, "दोन पावलं मागं हो आणि ये माझ्या अंगावर." माणूस नव्वदीचा, मी सेहेचाळीसचा. गेलो. एका तळव्यानं असा थोपवला, की मी थेट सोफ्यात. म्हणाले, "नोकरी पक्की."

बायको आयटीत, म्हणून आम्ही न्यूझीलंडला, रोटोटुनात. मी दहावी तीनदा नापास, म्हणून घरोघरच्या म्हाताऱ्यांची अंघोळ-नाश्ता बघायच्या कामात.

काका अमेरिकेचे. तरुणपणी तिथला तो हेल्मेटवाला फुटबॉल पगारावर खेळलेले. पगार एवढासा, म्हणून अर्धं वर्ष मॅच आणि अर्धं वर्ष दुधाची गाडी. मग किवी बायको केली नि इथलेच झाले. नऊ वर्षं खेळले, पण बॉल एकदाही हातात घेतला नाही. "आपलं काम पुढच्याला अडवायचं, मागच्याला वाट द्यायची." भिंतीवर फायनल जिंकल्याचा फोटो. बॉल घेऊन एक हिरो पळतोय. मी विचारलं, "हे तुम्ही?"

"छे! खाली चिखलात पालथा आहे ना, तो मी. मी पडलो म्हणून तो पोचला."

मग काकांचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर तपासणीवाल्या बाईनं सांगितलं, गुरुवारी येते, पायरीपासून लेटरबॉक्सपर्यंत वॉकर घेऊन एकट्यानं चालून दाखवा, नाहीतर घर सोडून वृद्धाश्रम. काकांनी मला टेपनं मोजायला लावलं. बरोबर दहा यार्ड! काका खूश. त्यांच्या खेळात दहा यार्ड जायला चार चान्स मिळतात म्हणे.

"चार? माझ्या बापानं दहावीला तीनच दिले."

सोमवारी सरावात काका जरा डुलले, मी लगेच दंड धरला. म्हातारं माणूस डुललं की आपला हात जातोच. काका ओरडले, "मला धरून थांबवलंस की चान्स गेला!" मंगळवारी तेच. बुधवारी तेच. तिन्ही मीच घालवले. नापास व्हायचा अनुभव मला दांडगा, आता दुसऱ्यालाही करायला लागलो.

गुरुवारी बाई आली. काका म्हणाले, "किड, आज बाजूला नको. पुढं चाल. वाट कर."

हात खिशात कोंबून मी पुढं. गवत ओलं, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. अर्ध्यात पोचलो आणि शेजारचा लॅब्राडोर काकांना बघून प्रेमानं सुसाट सुटला. मी सरळ त्याच्यापुढं आडवा झालो. एक जँडल झाडात, मी चिखलात, कुत्रा छातीवर बसून माझं तोंड चाटतोय.

काका थांबले नाहीत. टक, टक, टक. माझ्या डोक्याजवळून वॉकर गेला. मग लेटरबॉक्सवर थाप पडली, धाडकन.

मी कुत्र्याखालून ओरडलो, "काका, पोचलात?"

"पोचलो! झकास अडवलंस, किड!"

बाई म्हणाली, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इकडच्या बोलीत एकदम मस्त, आणि कागदावर सही केली.

त्यानंतर काका तीन हिवाळे त्याच घरात राहिले. गेले तेही आपल्याच पलंगावर. तो फोटो त्यांच्या मुलीनं मला आणून दिला. आमच्या हॉलमध्ये लावलाय. परवा माझी लेक त्याच्यासमोर उभी राहून विचारते, "बाबा, हू वॉन?"

म्हटलं, "तो बघ. चिखलातला."