पेल्यांच्या मावशी

मावशी स्वयंपाकघरातसुद्धा शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. "मीठ दे रे!" म्हटलं तरी शेजारच्या बेसमेंटमधला भाडेकरू दचकायचा. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "मोकळ्या मैदानात आवाज हवेत विरतो. तो पोटातून काढायचा. घशातून काढलास तर दुपारपर्यंत बसेल."

त्या वसईच्या ख्रिस्ती. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायच्या आणि उन्हाळ्याच्या वीकेंडला रेनेसाँ फेअरमध्ये जादूचे खेळ करायच्या. शहराबाहेरच्या एका माळावर ही जत्रा भरे. लोक चिलखतं आणि घोळदार झगे घालून जुन्या युरोपातले सरदार-राण्या होऊन फिरत. त्या गर्दीत मरून रंगाच्या झग्यातल्या मावशी तीन पितळी पेले आणि स्वतः विणलेले लोकरीचे गोळे घेऊन उभ्या राहत. गोळे पेल्यांखालून नाहीसे होत आणि शेवटी प्रत्येक पेल्याखालून एक लिंबू निघे. मी नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, वय चौतीस. २००७च्या सुमारास सहज जत्रा बघायला गेलो आणि त्यांचा शागीर्द झालो.

त्यांची शिकवण जादूपेक्षा इतर गोष्टींचीच जास्त. "पत्ते घरी ठेव, वारा तुझ्याआधी खेळ करेल." "ऊन आपल्या तोंडावर घ्यायचं. लोकांचे डोळे दिपले की ते उठून जातात." "पहिले दोघं थांबले की त्यांच्या हातात दोरी दे. धरायला काही असलं की माणूस हलत नाही." एकदा जुन्या काळच्या वेशात माझ्या मनगटावर घड्याळ राहिलं, तर खेळ संपेपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही.

एका बाबतीत मात्र त्या फार कडक होत्या. प्रेक्षकांतून बोलावलेल्या माणसाची थट्टा करायची नाही. एका लाजऱ्या म्हाताऱ्याला मी, "साहेब, झोपेतून उठलात का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मला तंबूमागे नेलं. "तो आपल्या भरवशावर वर आलाय. त्याची लाज आपण राखायची. हशा हवा असेल तर स्वतःवर घे." मी मान डोलावली. पटलंही होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही जोडीनं खेळ करू लागलो. एका शनिवारी ऐन रंगात मावशींच्या बोटांतून गोळा सुटला आणि स्टेजच्या फळ्यांवरून घरंगळत गेला. मी घाबरलो आणि इंग्रजीत ओरडलो, "लोकहो, सांभाळून घ्या! आमची जादूगारीण राणीच्या आजीच्या वयाची आहे!" प्रचंड हशा पिकला. मावशींनी वाकून गोळा उचलला आणि त्याही हसल्या.

तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्या वाट्याला एवढा मोठा हशा कधी आला नव्हता. पुढच्या खेळात त्यांचा गोळा पडलाही नाही, तरी मी त्या उन्हाळ्यात थरथरू लागलेल्या त्यांच्या हाताची नक्कल केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी मी ती दोन्ही खेळांत केली, शेवटी तर अगदी गुडघे लटपटवून. मावशी पेले मांडत होत्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य म्हटलं.

परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "पुढच्या वीकेंडपासून तू एकटा कर. मी ऑर्गनायझरशी बोललेय."

मला आनंद झाला. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण खरं तेच आहे. मला वाटलं, मी तयार झालो म्हणून त्यांनी स्टेज माझ्या स्वाधीन केलं.

हिवाळ्यात ग्रोसरीच्या दुकानात त्यांची मुलगी भेटली. म्हणाली, "आई माझ्याबरोबर कॅल्गरीला येतेय. कंपवात आहे ना तिला. एप्रिलमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुला बोलली नाही?" मी म्हटलं, "नाही." तिनं त्या खेळांबद्दल काहीच विचारलं नाही. माझ्या नकलांबद्दल मावशींनी तिलाही सांगितलं नव्हतं.

दोन वर्षं मी फोन केला नाही. नंबर होता. मग ऑफिसच्या कामानं कॅल्गरीला जाणं झालं आणि टाळायला कारण उरलं नाही. तिथल्या लोकल सी-ट्रेनमध्ये सगळा वेळ एकच वाक्य मनात घोळवत होतो. दार मावशींनीच उघडलं. मुलगी कामावर गेली होती. मी बूटही न काढता ते बोलून टाकलं, "मावशी, मी तुमच्या हाताची नक्कल केली. चुकलं माझं."

त्या "जाऊ दे रे" म्हणतील अशी माझी आशा होती.

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी तू घाबरला होतास, ते मला कळलं. पण नंतरचे तीन खेळ? लोक हसले त्याचं काही नाही. तू हसवलंस, ते फार लागलं."

मी तसाच पायपुसण्यावर उभा राहिलो.

"बूट काढ," त्या म्हणाल्या. "जेवून जा. भात तूच लाव, कुकरचं झाकण आता माझ्या हातानं लागत नाही."

मी तांदूळ धुतले, कुकर लावला आणि त्यांच्यासमोर बसलो. तीन शिट्या झाल्यावर मी उठून गॅस बंद केला आणि दोन ताटं घेतली.