दाजींची बुचं

आमच्या दाजींच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी नसे, बुचं असत. औषधाच्या बाटल्यांची, सलाइनची, जनावरांच्या इंजेक्शनच्या कुप्यांची. लग्नाच्या पंगतीतून उठताना माणसं पान उचलतात, दाजी बाटलीचं बूच उचलत. गेवराईत कापडाचं दुकान असलेला हा मापात बोलणारा माणूस गुरांच्या दवाखान्यामागच्या उकिरड्यापाशी वाकलेला पुष्कळांनी पाहिला होता. माझी थोरली बहीण, आक्का, सदरा धुवायला घेताना आधी खिसा उलटा करी आणि ओट्यावर बुचांचा सडा पडे. "दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या खिशात चिठ्ठ्या सापडत्यात," ती म्हणे, "माझ्या नशिबी झाकणं."

दाजींना जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांवरचा गंज काढायचा नाद होता. दुकान बंद असलं की घरामागच्या परसात पंक्चरवाल्याकडून घेतलेला जुना कॉम्प्रेसर धडधडू लागे. हवेच्या जोरानं बारीक वाळू नळीतून सुटे, गंजावर आदळे आणि खवले धरलेला तांबूस लोखंडी भाग बघता बघता राखाडी, कोरा होऊन निघे. याला सँडब्लास्टिंग म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, पण ते 'वाळू मारणं' म्हणत. मारण्यापेक्षा तयारीच जास्त चाले. भागाला जितकी भोकं तितकी बुचं. पेट्रोलच्या वाटेला एक, बोल्टच्या आट्यांना एकेक, बेअरिंगच्या जागेला चिकटपट्टीचे वेढे. मग प्रत्येक बूच बोटानं दाबून बघायचं.

"नीट बसवा, पाव्हणं," ते मला सांगत. "वाळू लई बारीक असती. वाट काढती. एक कण आत गेला की इंजिन आतनं खाल्लं समजा."

मेव्हण्याला पाव्हणं म्हणायची आमच्याकडं रीत आहे, मग तो बीडहून दर रविवारी येऊन जेवून जात असला तरी.

लोखंडाची इतकी काळजी घेणारे दाजी स्वतः मात्र डोळ्यांना चष्मा लावत आणि तोंडाला नुसती दस्ती बांधत. दस्ती म्हणजे साधा मोठा रुमाल. परसात धुकं पडल्यासारखं होई, आणि त्यातून ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन बाहेर येत. वाळू फुकटची होती. शेजारच्या बांधकामावर उरलेली आणायची, धुवायची, पत्र्यावर वाळवायची, आक्काच्या जुन्या चाळणीनं चाळायची.

"कशापायी खाता ही धूळ?" आक्का विचारी.

"आगं, गंगेची वाळू हाय. तिनं कुणाचं वाईट झालंय?"

आमच्या भागात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तिच्या वाळूनं ज्यांचं भलं झालं त्यांचे बंगले आम्ही येता-जाता बघत होतो. वाईट कुणाचं झालं, हे विचारायची पद्धत नव्हती.

एकदा एका पुढाऱ्याच्या माणसानं साहेबांच्या आजोबांच्या काळची जीप ओढून आणली. मिरवणुकीत साहेब तिच्यात उभे राहणार होते. 'आजोबांचा वारसा' असे फ्लेक्स आधीच छापून झाले होते, वारशाला मात्र खालून भोकं होती. दाजींनी वाकून पाहिलं, पत्र्यावर नख मारलं आणि म्हणाले, "न्हाई जमायचं. गंजानंच धरून ठेवलीय ही."

"मग साहेबाला काय सांगू?"

"सांगा, गंज काढला तर मागं काय ऱ्हात न्हाई."

हा निरोप जसाच्या तसा पोचला नसावा, कारण दाजींचं दुकान पुढंही सुरळीत चाललं.

या सगळ्या नादाचं मूळ एका राजदूतमध्ये होतं. लग्नानंतर दाजींनी आक्काला ज्या मोटारसायकलवर घरी आणलं, ती पुढं कडब्याच्या छपरात जाऊन पडली होती. तिच्यावर आक्काला पुन्हा बसवायचं, एवढा त्यांचा बेत. इतरांचे भाग ते हात बसावा म्हणून करत, राजदूतचा एकेक भाग मात्र मनासारखा होईपर्यंत हातावेगळा होत नसे. पोरं शिकून पुण्याला गेली, आणि परसात ती गाडी बुचांसकट हळूहळू जमत गेली.

मग खोकला आला. आधी तो थंडीचा होता, मग धुळीचा, मग वयाचा. जिना चढताना दाजी मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. प्रत्येक डॉक्टर विचारी, "काम काय करता?" दाजी सांगत, "कापडाचं दुकान." यात खोटं काहीच नव्हतं. सुती कापडानं कुणाची छाती जात नाही, म्हणून प्रत्येक जण दुसरंच काही शोधत बसला.

शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून पुन्हा तेच विचारलं. दाजींनी तेच उत्तर दिलं. तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून आक्का म्हणाली, "आन् ती वाळू?"

"ते काय काम हाय का?" दाजी तिच्यावरच करवादले. "ते आपलं हौशीचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वाळूची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि ती काढणारं औषध नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. रुमालानं ती अडत नाही, हेही सांगितलं.

परतताना शहागडला गंगेच्या पुलावर गाडी आली. इथं दाजी नेहमी हात जोडत. त्या दिवशी जोडणार नाहीत असं मला वाटलं. त्यांनी जोडले. माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, "तिची काय चूक, पाव्हणं? वाट आपण दिली."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आजही परसात आहे. धान्याची पत्र्याची कोठी आडवी करून तिला वर काच बसवली, पुढं दोन भोकं पाडून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आतल्या बाजूला जोडले. आत दिवा. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी, म्हणजे धूळ बाहेर न उडता पिशवीत जाते. वाळू बंद, त्याऐवजी तिच्यापेक्षा कमी धूळ करणाऱ्या गार्नेट नावाच्या खड्याचा लालसर दाणा. तो कोठीतच पडतो, चाळून पुन्हा पुन्हा मारता येतो, त्यामुळं घरच्या माणसाला परवडतो. आणि बाजूच्या खिळ्याला धूळ गाळणाऱ्या दोन डब्यांचा खरा मास्क. आट्यांना बूच लावण्याआधी तो चढवायचा, हा नियम. ही कोठी झाली तेव्हा दाजींना स्वतःचा हात तिच्यात घालण्याइतका दम उरला नव्हता. ते खुर्चीत बसून, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून हुकूम सोडत आणि राजदूतचे उरलेले भाग मी मारत होतो. "मास्क तिरका झालाय," ते धापा टाकत म्हणत. "पाव्हणं, आटे गेले तर दुसरे पाडता येत्यात."

गाडी उभी राहिली. काळी, झगझगीत. दाजी तिच्यावर बसले, किकवर पाय ठेवला, आणि पाय तसाच राहिला. मी पुढं झालो, तर आक्कानं मला हातानं मागं सारलं.

"ऱ्हाऊ द्या," ती त्यांना म्हणाली. "मला नुसतं बसायचंच व्हतं. जायचं कुठं व्हतं?"

पदर सावरून ती मागं बसली. गाडी बंदच होती. परसातल्या तुरीच्या काड्यांकडं तोंड करून दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली.

दाजी गेले ते भल्या सकाळी. घर माणसांनी भरलं. तोंडात तुळशीचं पान झालं, तांब्यातलं गंगेचं पाणी झालं. मग गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी कापसाचे बोळे वळले आणि रीतीप्रमाणं दाजींच्या नाकात घातले. आक्का उशाशी होती.

"काका, नीट बसवा," ती म्हणाली. "वाळू वाट काढती."

काकांना काही कळलं नाही, त्यांचा हात तसाच थांबला. मग ती स्वतः पुढं वाकली, आणि दाजी बूच बघत तसं, एकेक बोळा बोटानं दाबून बघितला.