कडकच्या हाताला गार लागतं

लिहितेस ना? मग ते पेन चावणं सोड आणि लिही. आपल्या खालचा इस्त्रीवाला, ज्याला सगळे कडक म्हणतात, त्याचं सांगते. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा जरा आठवावं लागेल. कडक का, तर त्याने इस्त्री केलेला शर्ट आधाराशिवाय उभा राहतो. माणूस मात्र असा मऊ, की गिऱ्हाईक भांडायला आलं तर हाच म्हणतो, "बरोबर आहे तुमचं, मी असतो तर मी पण भांडलो असतो." मग भांडायचं कोणाशी?

दुकान म्हणजे पुढे टेबल, त्यावर घडी करून टाकलेली घोंगडी, मागे पडदा आणि पडद्यामागे सगळा संसार. तो इस्त्री फिरवतो, त्याची बायको घड्या घालते. तिला आम्ही कडकीण म्हणतो, समोरासमोर म्हणतो, तिला आवडतं. इस्त्री तापली का ते तो बोट ओलं करून टेकवून बघतो. चर्र झालं की म्हणतो, "आली." मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच चाललंय.

आता मासे. ते लेकीचे. एकुलती एक पोरगी, शाळेत असताना हट्टाने काचेची पेटी आणवली आणि दुकानातच भिंतीला लावून ठेवली, कारण दुसरीकडे जागा कुठे होती. त्यात सोनमासे. एक गरगरीत, तो फुग्या. एकाचे डोळे बाहेर आलेले, तो चष्मिस. बाकीचे आपले येणारे जाणारे. पोरगी नोकरीला दुसऱ्या गावी गेली तेव्हा मी तिथेच होते, परकर आणायला गेले होते. ती म्हणाली, "पप्पा, मासे तुमच्या जिवावर सोडून चाललेय. उन्हाळ्यात पाणी गार ठेवा, यांना उकाडा सोसत नाही."

कडक छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाळा, आजवर लोकांचा एक कपडा जाळला नाही मी."

त्यानंतर पोरीचा फोन आला की पहिलं वाक्य, "फुग्या कसा आहे?" बापाचा नंबर तिसरा. आईचा त्याच्या मागे. कडकीण म्हणायची, "मला पण कल्ले फुटले असते तर विचारलं असतं."

मग तो उकाडा आला बघ. पोरगी रविवारी सुट्टीवर येणार होती आणि त्याच आठवड्यात ऊन असं पेटलं, की आपल्या नळाखाली हात धरवत नव्हता. मी दुकानात गेले तर सगळे मासे वर, तोंड पाण्याबाहेर काढून भप भप करतायत.

कडक खुशीत. म्हणाला, "बघा आजी, आता ओळखायला लागलेत मला. सारखे वर येतात." आणि चिमूटभर खाणं टाकलं. कोणी तोंड लावलं नाही.

मी म्हटलं, "अरे, पाणी तापलंय का बघ."

त्याने अख्खा पंजा बुडवला, डोळे मिटले. "गार आहे."

कडकिणीने बोटं बुडवली. "गारच आहे की, आजी. तुम्हाला उन्हातून आल्यावर सगळंच गरम लागतंय."

म्हटलं, दोघं सांगतायत तर असेल. तरी माझं बोट काही राहवेना. बुडवलं. अगं, काय सांगू तुला. त्यात चहापत्ती टाकली असती तर रंग उतरला असता. मी म्हटलं, "कडका, हे अंघोळीचं पाणी आहे."

"अंघोळीचं कसलं, आजी? गार आहे."

"गरम आहे."

"गार आहे."

तेवढ्यात पोस्टमन आला. त्याला धरला आणि म्हटलं, "बोट बुडव." तो बिचारा आधी मागे सरला, त्याला वाटलं मासा चावतो. मग बुडवलं आणि म्हणाला, "आहाहा. यात पाय शेकले पाहिजेत."

तेव्हा ट्यूब पेटली. अगं, गरम इस्त्रीला बोट लावून लावून त्या माणसाच्या हाताची कातडी चामडं झालेली. तापलेल्या इस्त्रीपुढे त्याला जगातलं सगळंच गार. आणि कडकिणीचं तेच, जन्मभर गरमागरम कपड्यांच्या घड्या. नवरा-बायको रोज न चुकता हात बुडवत होते, रोज एकमेकांना सांगत होते, छान गार आहे.

कडक खाली बसला. स्वतःचे हात असे उलटेसुलटे बघतोय, जसे कोणी बदलून दिलेत. म्हणाला, "लोकांचा रुमाल जळू दिला नाही मी, आणि पोरीचे मासे शिजवले?"

मी म्हटलं, "अजून शिजले नाहीत, उकडतायत. ऊठ."

तो उठला तो थेट पळत सुटला आणि कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फाची लादी टॉवेलात गुंडाळून खांद्यावर घेऊन आला. पेटीत टाकणार इतक्यात कडकिणीने टॉवेलसकट लादी मागे ओढली. म्हणाली, "तुम्हाला तव्यावरून उचलून फ्रीजमध्ये ठेवलं तर? आधी मासेवाल्याला फोन लावा." मासे विकणारा दुकानदार फोनवर ओरडला, "बर्फ टाकाल तर आजच संपतील. हळूहळू गार करा. झाकण काढा, आतला दिवा बंद, वर पंख्याचं वारं द्या. बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली तरंगत सोडा. खाणं बंद. आणि साबणाचा हात आत घालू नका."

दुकानात पंखा एकच, कडकच्या डोक्यावर भिंतीला लावलेला. तो त्याने काढला आणि माशांकडे वळवला. कडकीण म्हणाली, "लग्नापासून माझ्याकडे कधी वळवला नाही." वारं सुटलं तसे इस्त्री केलेले शर्ट उडायला लागले. एक पँट रस्त्यापर्यंत गेली, तिच्यामागे पोस्टमन. मला आठवलं, पाण्याच्या भांड्याला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं. म्हटलं, पेटीला गुंडाळा. हाताशी होती ती चादर भिजवली, गुंडाळली, आणि नेमक्या वकीलबाई दारात. त्यांचीच चादर.

"ही माझी चादर का?"

कडक म्हणाला, "तुमचीच. सध्या कामावर आहे."

बाईंनी माशांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "उशीचे अभ्रे पण आहेत, घ्या." आणि माझ्यासारखं बोट बुडवून गेल्या.

मग अख्ख्या इमारतीचे फ्रीज कामाला लागले. जो तो गोठलेली बाटली घेऊन जिन्यावरून खाली. कोणाची औषधाची, कोणाची तेलाची. एकीने लिंबू सरबताचीच गोठवून आणली आणि म्हणाली, त्यांनाही जरा तरतरी. ती आम्ही प्यायलो. आणि मी झाले बोटवाली. दर थोड्या वेळाने खालून हाक, "आजी, बोट." मी पोळपाट सोडून खाली. "अजून कोमट." परत वर. "आजी, बोट." माझे गुडघे म्हणाले, बाई, त्यापेक्षा तिथेच राहा. मग मी स्टूल टाकून तिथेच बसले आणि गप्पा हाणल्या.

फुग्या आधी सावरला, खाली जाऊन खडे चोखायला लागला. पण चष्मिस आडवा झाला, कुशीवर तरंगायला लागला.  कडक इस्त्री बंद करून काचेला नाक लावून बसला. गिऱ्हाईकं आली की कडकीण ओठांवर बोट ठेवायची, आणि लोक खरंच चोरपावलांनी कपडे ठेवून जायचे. शनिवारी मी हात बुडवला आणि म्हटलं, "आता गार." खरंखुरं गार. त्यानंतर जरा वेळाने चष्मिसने एक शेपटी मारली, सरळ झाला, आणि कडककडे असं बघितलं जसं उधार राहिलंय.

कडक एवढा नाचला, एवढा नाचला, की टेबलावरचा गठ्ठा कोसळला. कडकीण ओरडली नाही. तीही नाचत होती.

रविवारी पोरगी आली. पेटीला चादर, वर पंखा, पाण्यात तेलाची बाटली तरंगतेय, बाप घामाने निथळतोय. म्हणाली, "पप्पा, हे काय?" कडकने काही लपवलं नाही, सगळं सांगितलं, हातापासून. तिने बापाचा हात घेतला आणि बोटात नख रुतवलं. "लागतं का?"

"काय?" म्हणाला तो.

 मग पोरीने त्याचा हात स्वतःच्या गालाला लावला आणि विचारलं, "हे गरम की गार?"

कडक म्हणाला, "थांब, आजीला विचारतो." आणि आम्ही सगळे असे हसलो, की फुग्या घाबरून खड्यांत शिरला.

जाताना पोरीने मासेवाल्याकडून पेटीला चिकटवायचं तापमापक आणून दिलं. कडकने ते काचेला लावलं, रोज पुसतो, पण त्याचा विश्वास नाही. तो म्हणतो, आकडा काय, आकड्याला कातडी असते का? म्हणून आता त्याचा नियम झालाय. कपडे न्यायला कोणीही येवो, आधी पेटीत बोट बुडवायचं, गार की गरम ते सांगायचं, मग गठ्ठा मिळणार. वकीलबाई तर कपडे नसले तरी बोट बुडवून जातात.

झालं का लिहून? तुझा पांढरा ड्रेस परवापासून तिथेच पडलाय. जा, घेऊन ये. आधी हात धू. आणि साबण लावू नकोस.