शनी पिवळा असतो

शनी पिवळा असतो. फिकट, साध्या वरणासारखा पिवळा. आज मी हे शांतपणे लिहिते आहे, पण अकोल्यातल्या एका शाळेच्या स्टाफरूममध्ये हेच सांगताना मी इतकी ओरडले होते, की व्हरांड्यातले शिपाईकाका धावत आत आले होते.

मुलगी तेव्हा चौथीत होती. स्नेहसंमेलनात तिच्या वर्गाची सूर्यमाला बसवायची ठरली होती. एक मूल सूर्य, आठ मुलं ग्रह, आणि प्रत्येकानं पुढं येऊन आपापली माहिती सांगायची. झालं, आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. जेवताना बुधाला एकही चंद्र नसतो, वेणी घालताना गुरूवरचं वादळ आपल्या पृथ्वीपेक्षा मोठं असतं. तिचा बाप म्हणायचा, "हिच्यासाठी आता मंगळावरच शाळा पाहा लागते." तिला पृथ्वी व्हायचं होतं. पृथ्वीचं भाषण तोंडपाठ होतं आणि निळा फ्रॉक कपाटात तयार होता.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि दप्तरही न उतरवता म्हणाली, "आई, मॅडमनं मले शनी केलं. काळा फ्रॉक पाहिजे म्हणे." मग ग्रहांचं पुस्तक उघडून तिनं शनीचं चित्र माझ्या नाकासमोर धरलं. "पण हा तं पिवळा आहे. मॅडम चुकल्या वाटते. सांगू का त्याइले?"

तिला खरंच काही कळलं नव्हतं. कळणार तरी कसं? माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून वलगावच्या आमच्या घरात ना पत्रिका आली, ना शनिवारचं तेल, ना साडेसाती. सासरीही तेच. पोरीसाठी शनी म्हणजे कडी असलेला एक ग्रह, बस. मला मात्र तिथल्या तिथं कळलं. माझी आई काळी, मी काळी, मुलगी आमच्यावर गेलेली. एक ग्रह काळा ठरवायचा आणि मग वर्गात त्याच्यासाठी मूल शोधायचं, तर बोट कुणाकडे जाणार हे समजायला दुर्बीण लागत नाही.

माझं डोकं सणकलं. नवरा म्हणाला, "काहून इतकी तापून राहिली? पोरगी नाराज नाही, काही नाही. जाऊ दे ना." जाऊ दे, जाऊ दे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. मला त्या दोन शब्दांचा वीट आला आहे.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून अर्धी रजा घेतली. मी तिथं औषधं देण्याच्या खिडकीवर असते, दिवसभर लोकांशी गोड बोलावं लागतं. तो सगळा गोडवा फाटकाबाहेर ठेवून मी मधल्या सुट्टीत शाळेत शिरले. मॅडम तरुण होत्या, हसतमुख होत्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "मॅडम, शनी काळा नसतो."

"अहो ताई, पुस्तकात तसं असेलही," त्या म्हणाल्या. "पण आपल्याकडे शनी म्हटलं की काळाच ना? स्टेजवर लोकांना पटकन ओळखू यायला हवा."

"आणि शुक्राचा फ्रॉक कोणता?"

"गुलाबी. सौंदर्याचा ग्रह ना तो!"

शुक्र कोण झालंय ते मी विचारलं नाही. वर्गातली सगळ्यात गोरी मुलगी कोण, हे मला माहीत होतं. सौंदर्याचा ग्रह म्हणे! जिथं शिसं वितळावं एवढी उष्णता आणि वर आम्लाचे ढग, त्याला गुलाबी झालर. आणि ज्याच्याभोवती बर्फाची कडी आहेत, ज्याला सगळ्यांत जास्त चंद्र आहेत, तो बिचारा तेलाचा धनी. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्या तरीही हसतच होत्या.

"शिवाय तिला मेकअपही फारसा लागणार नाही, म्हणून मी..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

मी सोडलं नाही. दवाखान्यातली माझी स्वच्छ मराठी कुठल्या कुठे गेली. "माही पोरगी काळी हाये म्हणून तुमी तिले शनी केलं, सरळ म्हणा ना! विज्ञान शिकवता का तेल विकता? काळी हाये म्हणून, दुसरं काय!" शिपाईकाका आले ते याच वेळी. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मनात तसं काही नव्हतं, म्हणाल्या. पिवळा फ्रॉक चालेल, तुम्ही म्हणाल तसं, म्हणाल्या. मी जिंकले होते. पुस्तक उचलून वळले, तर दारात मुलगी उभी. आई आल्याचं कुणीतरी सांगितलं म्हणून अर्धा डबा हातात घेऊन धावत आली होती.

तिनं सगळं ऐकलं होतं. डब्याचं झाकण लावून ती वर्गात परत गेली.

त्या संध्याकाळी घरात एकाही ग्रहाचं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडम चुकल्या एवढंच तिला वाटत होतं, तोवर ती मजेत होती. मॅडमनी जे तोंडातून पूर्ण बाहेर काढलं नव्हतं, ते मी काढलं, तेही ओरडून. मॅडमवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण तेव्हापासून त्याच्या दुप्पट राग मला माझ्या तोंडाचा येतो.

पिवळा फ्रॉक मी रविवारी बसून शिवला. पुठ्ठ्याचं कडं कापून त्याच्यावर चंदेरी कागद चिकटवला. कार्यक्रम दुपारचा होता. त्या दिवशी निघताना आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "आई, पावडर लाव."

मी लावली.

"अजून लाव. हातालेही."

"कशाला बेटा? छान दिसून राहिली तू."

"लाव ना. लोक पाहतीन."

मी लावली. गालांना, मानेला, कोपरांना.

स्टेजवर ती एकदाही अडखळली नाही. "मी शनी. सूर्याभोवती एक फेरी मारायला मला साधारण एकोणतीस वर्षं लागतात. मी एवढा मोठा, पण पाण्यात टाकलं तर तरंगेन. फक्त मला मावेल एवढी बादली कुणाकडे नाही." लोक हसले, टाळ्या पडल्या, तिच्या बापानं तर शिट्टीही मारली. मॅडम मुद्दाम माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "खरंच गोड दिसली हो." मी मान हलवली.

घरी आल्यावर मी कंबरेचं कडं सोडवलं, फ्रॉक काढला, बादलीत कोमट पाणी काढलं आणि तोंड धुऊन घे म्हटलं.

"आजच्या दिवस राहू दे ना," ती म्हणाली, आणि चेहऱ्याला हात लागणार नाही अशी जपून बसून राहिली.