बिल्ल्यावरचं नाव

बिश्केकमधल्या गुप्त गिऱ्हाइकांचा फोनवर एक ग्रुप होता, आणि त्या ग्रुपात सैरागुलचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ही बाई दिवसभर सातव्या मायक्रोरायनातल्या, म्हणजे सरकारी इमारतींच्या वस्तीतल्या, बालवाडीत पोरांची नाकं पुसायची, लापशी भरवायची, दुपारी त्यांना झोपवायची. वय चोपन्न. पगार असा की आला कधी आणि गेला कुठे, हे विचारायची सोय नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी तिने हा जोडधंदा धरला. एजन्सी सांगेल त्या दुकानात साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, पाव-दूध घ्यायचं, काउंटरवरची मुलगी नमस्कार करते का, हसते का, पिशवी हवी का विचारते का, ते सगळं डोक्यात टिपायचं आणि घरी येऊन एकतीस प्रश्नांची उत्तरं लिहायची. आपण कोण आहोत याचा दुकानात कुणाला वासही लागू द्यायचा नाही. या पैशांतून तिच्या घरी हिवाळ्याचा कोळसा यायचा, आणि बिश्केकच्या थंडीत कोळसा म्हणजे काही चैन नव्हे.

खरं सांगू का, कोळशाहून जास्त ऊब तिला त्या ग्रुपातल्या मानाची होती. बालवाडीत तिला कोण विचारतंय? पोरांच्या आया यायच्या, "मोजे कुठेत याचे?" एवढं बोलून जायच्या. ग्रुपात मात्र दोनशे माणसं तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची आणि तिचा सल्ला घ्यायची.

"एजे, एवढे प्रश्न लक्षात राहत नाहीत हो."

"टूथपेस्टपाशी उभी राहा आणि फोनवर खरेदीची यादी लिहितेस असं दाखव. 'कांदे नाहीत' म्हणजे नमस्कार नाही. 'कांदे दोन किलो' म्हणजे नमस्कार केला आणि हसली पण."

"आणि खरंच कांदे घ्यायचे असले तर?"

"मग नवऱ्याला पाठव."

अशी ती हसवायचीही. पण दोन गोष्टींत थट्टा चालायची नाही. पहिली, अहवालात चेहऱ्याचं वर्णन लिहायचं नाही, बिल्ल्यावरचं नाव लिहायचं. माणसाची नजर चुकते, बिल्ला चुकत नाही, असं ती म्हणायची. दुसरी गोष्ट लबाडांची. काही जण दुकानाच्या दारातल्या डब्यातून कुणाचीतरी पावती उचलतात आणि घरबसल्या अहवाल ठोकून देतात. असा कुणी सापडला की एजन्सी त्याचं नाव ग्रुपात कळवायची आणि त्याच दिवशी त्याला बाहेर काढायचं, हा दंडक सैरागुलनेच घातला होता. तिघांना तिने स्वतः काढलं होतं, तेही चार शब्द सुनावून.

पेरिझात नावाची एक विद्यार्थिनी नवीन आली होती. तिने एकदा विचारलं, "एजे, काउंटरवरची मुलगी रडत होती. तरी 'हसली का' याला 'नाही' लिहू?"

"प्रश्न काय आहे? हसली का. हसली नाही. मग नाहीच लिही. आपण तिच्या मावश्या नाही."

पेरिझातने लिहिलं. पुढे हीच पोरगी इतकी तयार झाली की सैरागुलने ग्रुपाचा निम्मा कारभार तिच्या हाती दिला.

आता त्या गुरुवारची गोष्ट. पावणेबाराच्या सुमाराला अदिलेत नावाचा चार वर्षांचा पोरगा तापाने फणफणला. सैरागुलने वहीत 'अदिलेतची आई' असा नंबर काढला आणि फोन केला. बालवाडीत आयांना नावं नसतात, पोराची आई हेच तिचं नाव. ती बाई अर्ध्या तासात धापा टाकत आली, अंगावरचा कोट उलटसुलट बटणांचा, पोराला पोटाशी धरलं आणि निघून गेली. सैरागुलने आजारपणाच्या वहीत लिहिलं: बारा वाजून वीस, आईच्या ताब्यात दिला.

साडेबाराला पोरं झोपली. अडीच-तीन तास कुणी हलत नाही. दुसऱ्या बाईला सांगून सैरागुल दोन बस-थांब्यांवरच्या मोठ्या किराणा दुकानात गेली, त्या दिवशीची भेट होती. रांगेत पुढे सहा माणसं. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली नाही, नमस्कार नाही, पिशवीचं विचारणं नाही, दुधाची बाटली आडवी सरकवली आणि "पुढचे" म्हणाली. नखांत बटाट्याची माती होती. छातीवर बिल्ला: बुरुल. सैरागुलने संध्याकाळी घरी येऊन सगळं लिहिलं. 'हात स्वच्छ होते का' यालाही 'नाही'. शंभरांत अडतीस आले. इतके कमी गुण तिने कधी कुणाला दिले नव्हते, पण दिसलं ते लिहिलं, तिला त्यात काय!

दहा दिवसांनी संध्याकाळी अदिलेतची आई त्याला न्यायला आली. पोरांच्या छोट्या कपाटांसमोरच्या बुटक्या बाकावर बसली आणि उठेचना.

"एजे, एक तारखेपासून अदिलेत येणार नाही."

"का गं? गाव सोडताय?"

"तो जातोय. नारीनला, सासूकडे. माझी नोकरी गेली. नवरा तिकडे परदेशात बांधकामावर, त्याचे पैसे येतात तर येतात. मी आता बाजारात पहाटे चारला गाडा लावणार, पोराला कुठे ठेवू?" ती अदिलेतचे बूट हातात घेऊन बसली होती. "दुकानात कुणीतरी गुप्त गिऱ्हाईक पाठवतात म्हणे. त्या बाईने लिहिलं, मी उद्धट, माझे हात घाण. सगळ्या शाखेचा बोनस गेला, मग मला ठेवतील होय?"

सैरागुलला आपला अडतीस गुणांचा अहवाल आठवला. पण दुकानं काय थोडी आहेत?

"कधी झालं हे?"

"तेच तर. गुरुवारी, एक वाजून पाच मिनिटं. त्या वेळी मी तिथे नव्हतेच की. तुम्हीच नाही का फोन केलात? मी ह्याला घेऊन घरी होते. साहेब जेवायला गेलेले, विचारायचं कुणाला? आमची चिनारा भाजी-बटाट्याकडे असते. ती म्हणाली, जा तू, मी बसते. काउंटरवर काउंटरचाच बिल्ला लागतो, म्हणून माझा तिला लावला."

"नाव काय तुझं?" सैरागुलने विचारलं.

"बुरुल." ती कसंनुसं हसली. "दोन वर्षं पोरगं येतंय इथे. तुम्ही आज विचारलंत."

"अगं, मग सांग ना साहेबाला! वहीत वेळ आहे, मी लिहिलीय. वही दाखवते मी."

"आणि चिनाराचं काय? बिल्ला दुसरीला देणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. दोघींना काढतील. ती पोटुशी आहे, एजे. माझ्या पोरासाठी ती उभी राहिली, आता मी तिच्या पोटावर पाय देऊ?"

बुरुलने पोराला बूट घातले आणि गेली. सैरागुल तिथेच बसून राहिली. वहीतली वेळ तिच्या हातची, अहवालातली वेळही तिच्याच हातची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा कुणाला घेतला हे आता कुणाला सांगायचं?

सैरागुल काही देवमाणूस नव्हती. दोन दिवस तिने स्वतःची समजूत घातली. बिल्ला अदलाबदल करायला मी सांगितलं होतं? नियम त्यांनी मोडला. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. हे सगळं खरं होतं, तरी घास उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं झोपलेली होती, अदिलेत अंगठा चोखत होता. एजन्सीतल्या लारिसाला तिने न्हाणीघराच्या बोळातून फोन लावला.

"लारिसा, अहवालातलं नाव बदलता येतं का? माझ्याकडून चूक झालीय."

"येतं ना. खरं नाव सांगा. मात्र नाव बदला म्हटलं की दुकानवाले कॅमेरे बघतात."

"कॅमेरे नकोत. नाव खोडून नुसते गुण ठेवा."

"असं कसं? गुण कुणाला मग, काउंटरला?"

"अख्खा अहवालच रद्द करायचा असेल तर?"

"तो कशाला रद्द होईल? भेट झालीच नसेल तर होतो." लारिसा हसली. "ते तुमच्या बाबतीत शक्य नाही."

सैरागुलने बोळाचं दार लोटून घेतलं. पोरांचे चौदा टॉवेल समोर टांगलेले होते.

"लिहा मग. भेट झाली नाही."

"काय?"

"मी गेलेच नव्हते. त्या दिवशी बालवाडीत काम होतं."

"पावती लावलीय तुम्ही."

"दारातल्या डब्यातून उचलली."

"सैरागुल, मी नवीन मुलांना तुमचे अहवाल वाचायला देते," लारिसा म्हणाली. "तुम्हाला कळतंय ना काय बोलताय? आता काम बंद होईल. इथेच नाही, दुसऱ्या एजन्सीतही. आणि तुमचं नाव ग्रुपात जाईल."

"ठाऊक आहे मला. दंडक माझाच आहे."

संध्याकाळी नाव ग्रुपात गेलं. मग एकाने लिहिलं, म्हणजे इतकी वर्षं हेच चाललं होतं का? दुसरा म्हणाला, सांगे लोकांना ब्रह्मज्ञान. जिला कांद्यांची यादी शिकवली तिनेही टोमणा मारून घेतला. ज्या तिघांना तिने काढलं होतं त्यांच्यापैकी कुणी तिथे नव्हतं, एवढंच बरं.

पेरिझातने सगळ्यांसमोर विचारलं, "एजे, हे खरं आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर मी लारिसाशी भांडेन."

पोरगी भांडली असती. एक ओळ लिहायची, पेरिझातपुरती, की अगं मी गेले होते, सगळं सांगते तुला. तिने ती लिहिलीही. मग पुसली. दोनशे माणसांत गुपित राहतं होय? चिनाराच्या साहेबापर्यंत जायला त्याला एक दिवस पुरला असता.

तिने लिहिलं, "खरं आहे."

थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं आली, की पेरिझातने तुम्हाला ग्रुपातून काढलं आहे. चार शब्दही सुनावले नाहीत पोरीने. सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या वर्षी कोळसा निम्माच आला. एक खोली बंद करून सैरागुल दुसरीत राहू लागली. पण त्याआधी, एक तारीख यायच्या आतच, बुरुल गरम बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन बालवाडीत आली, चेहरा असा फुललेला की ओळखू येईना. दुकानाने तिला परत बोलावलं होतं. अदिलेत कुठेही जाणार नव्हता.

"घ्या एजे, घरचे तळलेत. तुम्हाला सांगते, ती बाई कधी आलीच नव्हती दुकानात! घरी बसून लिहिलं सगळं. माझे हात घाण म्हणे! बघितले होते का कधी? चार पैशांसाठी लोक कुणाचंही वाटोळं करतात. कशी झोप लागत असेल तिला?"

"लागत नसेल," सैरागुल म्हणाली.

"न लागो." बुरुलने कपाटातून अदिलेतची टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली आणि मग सैरागुलसमोर येऊन उभी राहिली. आपले दोन्ही तळवे तिने पुढे उघडले, पोरालाही उघडायला लावले. "एजे, तुम्ही वडीलधाऱ्या. आम्हाला बाता द्या, तुमचा आशीर्वाद. पोरगं माझ्याजवळ राहू दे, आणि असली बाई पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणा."

मोठ्या माणसाकडे आशीर्वाद मागितला तर नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. सैरागुलने तळवे उघडले.

"पोरगं आईजवळ राहो," ती म्हणाली. "आणि असली बाई पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये."

"ओमीन," तसंच होवो, असं म्हणत बुरुलने तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

"ओमीन," म्हणत सैरागुलनेही चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि ते खाली घ्यायला तिला जरा वेळ लागला.