उलटी फिरवलेली खुर्ची

पडद्याच्या आठ कड्या दांडीत ओवून झाल्या होत्या, सात राहिल्या होत्या, तेवढ्यात कानसेनकाका आले. रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त करता करता त्यांची सत्तरी उलटली. डावा कान पार गेलेला, म्हणून कुणीतरी थट्टेनं हे नाव ठेवलं, आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं. मी स्टुलावरून उतरू लागले तर म्हणाले, "राहू द्या ताई, तुमचं चालू द्या."

आमच्या ह्यांचं काम ध्वनिमुद्रणाचं. घरातल्याच खोलीत दोन स्पीकरांसमोर बसून दुसऱ्यांच्या आवाजातले दोष शोधायचे. महिनाभर ह्यांना डावीकडून खालच्या सुराला आवाज फाटल्यासारखा ऐकू येत होता. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला तर छानच वाटतंय." धीर द्यायला गेले आणि भीती वाढवून बसले. तेव्हापासून हे फोन उजव्या कानाला लावू लागले. हातातली दोन कामं परत पाठवली. परवा तर "पडदे धुवायला काढलेस, खोलीच बिघडली," असं म्हणून मोकळे झाले. राग पडद्यांवर नाही, एवढं न कळायला मी काय काल आलेय ह्या घरात?

काका आधी पाणी प्यायले. मग स्पीकरांच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल केली.

"आता खरखर कुठे?"

"डावीकडेच."

"बाजू बदलली नाही, म्हणजे वायरी निर्दोष, तुमचं यंत्र निर्दोष. आरोपी दोनच उरले."

एक आरोपी डावा स्पीकर. दुसऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही.

"खुर्ची उलटी फिरवा, साहेब. स्पीकरांकडे पाठ करून बसा."

हे जागचे हलेनात. सुचलं नसेल असं नाही, वायरी तर ह्यांनीच दहादा बदलून पाहिल्या होत्या. पण पाठ केल्यावरही खरखर डाव्याच कानात राहिली, तर मग दोष कानाचा. ते उत्तर ऐकायची छाती होत नव्हती.

काका शेजारी टेकले. "मी दोन वर्षं खुर्ची फिरवली नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांचे स्पीकर भिकार, मी तेवढा शहाणा! शेवटी डॉक्टर म्हणाले, आधी यायचं होतं. फिरा तुम्ही. काय असेल ते आजच कळू दे."

खुर्ची फिरली. काकांनी खालचा सूर लावला. मी दांडी घट्ट धरून देवाचं नाव घेत होते.

"कुठे?"

"उजव्या... काका, उजव्या कानात!"

"मग कान ठणठणीत. आता तुमच्या ह्या लबाडाकडे बघू."

जाळी काढून त्यांनी पडद्याच्या कडेवरून बोट फिरवलं. स्पीकरच्या पडद्याच्या म्हणतेय, माझ्या नव्हे. "बारीक खरखर मला ऐकू येत नाही ताई, बोटांना येते," म्हणाले, आणि एका जागी थांबले. कडेच्या रबराचा गोंद नखाएवढा सुटला होता. एवढंसं! त्यासाठी माझ्या माणसाचा महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. काकांनी टाचणीच्या टोकानं गोंद भरला आणि उद्या सकाळपर्यंत स्पीकर लावायचा नाही म्हणून बजावलं.

"आणि माझे पडदे?" मी विचारलं.

"बाइज्जत बरी, निर्दोष सुटले! साहेबांनी त्यांची माफी मागावी."

ह्यांनी माफी मागितली नाही. आले, पडद्याचं दुसरं टोक धरलं आणि उरलेल्या सात कड्या ओवून दिल्या. माफी मला पोचली.

देवा, रोज ह्या वहीत तुझ्याकडे काहीतरी मागते, आज मागणं काही नाही. ज्याला वेळेवर कुणी सांगितलं नाही, त्यालाच तू आमच्याकडे सांगायला धाडलंस. त्याचा उरलेला कान सांभाळ, आणि ती बोटंही.

आणि एक लिहायचं राहिलं. काका पिशवी उचलून निघाले, तेव्हा मी विचारलं, "आता घरी ना?"

"छे. शाळेत. मैदानावरचा भोंगा चिरकतोय, तो बघायचाय."